मास्तरांची डावी सँडल

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची सँडल आहे, आणि तीही जोडीतली डावी. उजवी माझ्या शेजारीच, याच फळीवर बसली आहे. ती फारशी बोलत नाही. तिच्या वाट्याला माझ्याइतकं काही आलंही नाही, त्यामुळे दोघींची हकीकत मीच सांगते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या खोलीत झाला. तिथे एक कारागीर नवरा-बायको काम करत. तो चामडं कापायचा, ती शिवायची. मला लाकडी साच्यावर ताणून बसवलं तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता, पण त्याशिवाय आकार येत नाही हे मला पुढे कळलं. वर दोन रुंद पट्टे, टाचेमागून एक बारीक पट्टा आणि त्याला पितळी बकल, एवढंच माझं रूप. "ही बाईनेही घालावी आणि बाप्यानेही," कारागिराची बायको म्हणाली, "नंबर तेवढा बदलायचा." हे ऐकून मी जरा फुशारले. उन्हाळा तोंडावर आला होता, म्हणून लगेच आमची रवानगी दुकानाच्या काचेत झाली.

काचेत बसून मी दिवसभर लोकांचे पाय बघायचे. उन्हाळ्यात पाय उघडे पडतात आणि अनेकांचं पितळही. वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली टाचांना भेगा. कोणी पट्टा न लावताच फटक फटक करत जायचे. कोणी सँडलमध्ये मोजे घालायचे. त्यांना काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. एक नर्सबाई मात्र रोज समोरून जायची. नखं कापलेली, टाचा घासलेल्या, सुती स्कर्ट पोटरीपर्यंत, पट्टा नेमक्या भोकात. सँडल अगदी साधी होती, तरी लोक वळून बघायचे. ऐट म्हणतात ती हीच, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आणि एवढं ठरवून मी कोणाच्या पायात गेले? तर मास्तरांच्या!

मास्तर म्हणजे शिंपी. चार पायऱ्या चढून गेलं की त्यांचं दुकान. तिथे त्यांची थोरली बहीण काज-बटणं करायची. तिला सगळे ताई म्हणत. मास्तरांनी शिवलेले कपडे घालून माणसं रुबाबात फिरायची, पण ते स्वतः भर उन्हाळ्यात जाड मोजे आणि बंद बूट घालून मशीनवर बसायचे. घामाने त्यांच्या डाव्या पायाला चिखल्या झाल्या, बोटांमध्ये जखम झाली आणि ती चिघळली. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि सरळ सांगितलं, "मोजे बंद, बूट बंद. पायाला वारा लागला पाहिजे. जखम अशीच वर चढली, तर पायडल मारणं विसरा."

पायडल थांबलं की दुकान थांबलं. म्हणून ताई मास्तरांना ओढतच आमच्या दुकानात घेऊन आली. त्यांच्यासाठी मला घेतलं आणि स्वतःसाठी माझ्यासारखीच, लहान नंबरची जोडी घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला घातलं तेव्हा मला कळलं, की या पायाला करंगळीच नाही. तिच्या जागी गुळगुळीत कातडी होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मला पाय हवा होता, बोटं मोजायची नव्हती. पण मास्तरांनी लगेच मला काढून आधी मोजा चढवला. मी मनात म्हटलं, झालं, आलं नशिबात!

ताईने ते मोजे पळवले. तेव्हा मास्तरांनी असा उपाय काढला, जो फक्त शिंप्यालाच सुचेल. त्यांनी आपल्या सगळ्या पँटींची दुमड उसवली आणि उंची वाढवली. कापड माझ्यावर पडदा टाकल्यासारखं लोळू लागलं. समोरून बघणाऱ्याला सँडलचं टोक तेवढं दिसायचं. आत तोच घाम आणि तीच जखम. ताई रोज मलम लावायला जायची आणि मास्तर पाय मागे घ्यायचे. "मी लावतो. तू काज बघ."

ताईचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, हा माणूस भलताच आढ्यताखोर आहे.

एका दुपारी मास्तर शिवून झालेले कपडे घेऊन पायऱ्या उतरत होते. लोळणारं कापड माझ्या बकलात अडकलं. मी सुटायचा प्रयत्न केला, पण मास्तर कपड्यांसकट खाली आले. कोपर सोलवटलं, जखमेतून रक्त आलं. ताई धावत आली. आधी तिने भावाचे हातपाय चाचपले. काही मोडलं नाही असं बघितल्यावर मात्र तिचा पारा चढला. वर जाऊन ती कापायची मोठी कात्री घेऊन आली.

"हलू नकोस."

"अगं ताई, नवी पँट आहे!"

"तूच शिवलीस ना? दुसरी शिव." असं म्हणत तिने घोट्याच्या वर कापड सरळ कापून टाकलं. खडूची खूण नाही की टेप नाही. "एवढं काय झाकायचं रे? लोकांना काय तुझी बोटं मोजण्यावाचून दुसरा उद्योग नाही?"

मास्तर पायरीवर बसून राहिले. मग म्हणाले, "लोकांपासून नाही झाकत. तुझ्यापासून झाकतो."

ताईची कात्री थांबली.

"दार तू लावलंस आणि मी मध्येच पाय घातला, करंगळी गेली. लहानच होतो आपण. पण त्यानंतर माझा पाय दिसला की तू ताटावरून उठायचीस. मला चांगलं आठवतंय. म्हणून मी मोजे घालायला लागलो."

ताई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "आणि मला वाटायचं," ती म्हणाली, "तू अजून माझ्यावर रागावलायस. म्हणून मला पाय दाखवत नाहीस."

मित्रांनो, मी चामड्याची आहे, पण त्या वेळी मला अगदी भरून आलं. दोघं एका खोलीत, एकाच कात्रीने इतकी वर्षं काम करत होते. मी ज्याला आढ्यताखोर समजत होते, तो माणूस बहिणीची काळजी करत होता.

ताईने माझं बकल सोडलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या जागेवरून तिने बोट फिरवलं. "दुखतं का रे अजून?" तिने विचारलं. "नाही गं, कधीच नाही," मास्तर म्हणाले. मग ती रडली आणि रडता रडताच तिने मलम लावलं.

पुढे जखम भरली. मास्तरांनी आपल्या सगळ्या पँटी घोट्याच्या वर घेतल्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मास्तर, ही नवीन फॅशन का? माझीही अशीच करा." मास्तरांनी नुसती मान डोलावली. संध्याकाळी बहीण-भाऊ सारख्याच सँडल घालून घरी निघाले की लोक खरोखर वळून बघायचे. मला दोनदा नवा तळ लागला. आता पट्टे सुरकुतले आहेत आणि मास्तरांच्या पायात दुसरी जोडी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला जपणं सोपं आहे. भिजले तर सावलीत वाळवा, कधीमधी तेलाचं बोट फिरवा, पट्टा लावून चाला. नखं कापा, टाचा घासा आणि उन्हाळ्यात पायांना वारा लागू द्या. पण तुमच्या घरात कोणी भर उन्हातही पाय झाकून बसत असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्यावर रुसूही नका. त्याच्याशेजारी पायरीवर बसा, आणि दुखतं का, एवढं विचारा.