दिब्ब्याहून उत्तरेला

खैरुन्निसा रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर दुबईला आली होती. दुबईतच नोकरीला असलेल्या दीर वासिफशी तिचा निकाह ठरला होता. पण त्याआधी तिला तिचा नवरा वली दोन वर्षांपूर्वी समुद्रात जिथे बुडाला ती जागा पाहायची होती. वलीचा देह मिळालाच नव्हता.

तिकडे जायला पर्यटकांच्या बोटीशिवाय मार्ग नव्हता. वासिफने कुरकुरत दोन तिकिटं काढली. सकाळी दुबईतल्या करामाहून बस निघाली आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दिब्ब्याच्या बंदरातून बोट उत्तरेच्या वाटेला लागली. गवताची काडीही नसलेले डोंगर थेट पाण्यात उतरले होते. वरच्या डेकवर गाणी लागली होती. मुलं "लुक, डॉल्फिन!" म्हणून ओरडत होती.

जेवण वाढणारा पन्नाशीचा खलाशी वासिफला पाहून थबकला. "वासिफ ना तू? मी अहमद, दाभोळचा. तुम्हा भावांबरोबर मच्छीच्या लाँचवर होतो."

"हो, नंतर बोलू," वासिफ घाईने म्हणाला.

"मी वलीची बायको," खैरुन्निसा म्हणाली. "कुठे झालं ते?"

अहमदने ताट खाली ठेवलं आणि पुढच्या सुळक्याकडे बोट दाखवलं. "तिथे, भाभी. वारा फिरला, लाँच खडकावर गेली. आम्ही बाकीचे दोघं पोहून निघालो. वलीचं नशीब बघा, त्याची तर सुट्टी होती. ह्या वासिफला ताप आला म्हणून ह्याच्या जागी चढला."

बोट तिथूनच मागे वळली. पुढे जायची परवानगी नव्हती.

"खरंच ताप होता?" तिने वासिफला विचारलं.

वासिफ म्हणाला, "इंटरव्ह्यू होता, भाभी. दुबईत, रास अल खोरला. लाँचवाले सुट्टी देत नव्हते. भाईला खरं सांगितलं नाही."

"आत्ताची नोकरी ती हीच?"

"हो."

"दोन वर्षं दर जुम्म्याला फोन करत होतास. एकदा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही निकाहला हो म्हणाला असतात?"

"ते मी ठरवलं असतं."

चौथ्या दिवशी ती निकाहाला नकार देऊन गावी परतली. निकाह का मोडला, हे तिने गावात कुणाला सांगितलं नाही. सासूला आता वासिफ हा एकच मुलगा उरला होता. सासू मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "माझ्या वासिफसारखा पोरगा नाकारला हिने. दुबई बघून डोकं फिरलं."

खैरुन्निसा ऐकून घेत राहिली. ईदनंतर ती माहेरी निघून गेली. तिला थांब म्हणायला कुणी दारापर्यंतही आलं नाही.