जळका पाव

सिंदेवाहीच्या बाबूभाईंनी उभा जन्म पावाच्या भट्टीपुढे काढला. एक रोटी खायला ते चंद्रपूरपर्यंत एसटीचे धक्के खातील, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला त्यांनीच वेड्यात काढलं असतं.

रोटी, म्हणजे मुलाच्या हातचा पिझ्झा, हे आपलं निमित्त. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला बजावलं होतं, भट्टीची जागा घ्यायला एक व्यापारी चकरा मारत होता, आणि मुलगा फैज गोव्यात एका इटालियन बाईच्या हाताखाली पिझ्झा शिकून चंद्रपूरच्या नव्या हॉटेलात कारागीर झाला होता. तो घरी आला तर भट्टी राहणार, नाहीतर विझणार. तेच विचारायला म्हातारा निघाला होता. सोबत बायको खुर्शीदाबी आणि धाकटी शाजिया.

हॉटेलात शिरल्याशिरल्या लाकडावर पेटलेली घुमटाची भट्टी दिसली आणि बाबूभाई सुखावले. फैज लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सरकवत होता. मनगट थेट बापासारखं वळत होतं. पोरगा आपलाच आहे, त्यांना वाटलं.

फैजनं स्वतः पिझ्झा आणून ठेवला. टमाट्याचा रस, पांढरं चीज, वर तुळशीसारखी दोन पानं. बस.

"सॉस नाई का, भाई?" शाजियानं विचारलं.

"सॉस टाकशीन तर इटलीवाले मारतीन तुले," फैज हसला आणि भट्टीकडे पळाला.

बाबूभाईंची नजर मात्र कडेवर खिळली. कड जागोजागी काळी पडली होती. त्यांच्या घरची रीतच होती, चांगला पाव गिऱ्हाइकाला, जळका घरात. खुर्शीदाबी सुरीनं काळं खरवडायची आणि पोरं तोच पाव चहात बुडवून खायची. चांगला पाव मागितला म्हणून फैजनं लहानपणी मारही खाल्ला होता. आणि आज एवढ्या चकाचक हॉटेलातही त्यानं घरच्यांना घरच्यासारखंच वाढलं, या विचारानं म्हातारा हरखला.

"पाह्य," ते बायकोच्या कानाशी लागले, "आपल्याले जळका देल्ला त्यानं. येते तो घरी."

खुर्शीदाबीनं आजूबाजूला पाहिलं. "अजी, सगळ्याइलेच तसाच हाय."

बाबूभाईंनी मान वळवली. शेजारी खाणीतले कोणी साहेब सहकुटुंब बसले होते. त्यांच्याही पिझ्झाची कड काळी. पलीकडे कॉलेजच्या पोरांचीही तशीच.

फैज हात पुसत आला. वडिलांची नजर कडेवर पाहून म्हणाला, "असे चट्टे पडले म्हणजे भट्टी बरोबर तापली समजाचं, अब्बा. आजचा सगळ्यात चांगला निवडून तुमच्यासाठी आणला."

बाबूभाईंनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. मग ते म्हणाले, "भट्टीच्या जागेले गिऱ्हाईक आलं हाय. देऊन टाकू काय?"

नको म्हण, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"देऊन टाका, अब्बा. लय केलं तुम्ही. आता आराम करा," फैज मायेनं म्हणाला. तेवढ्यात त्याला हाक आली आणि तो गेला.

परतीच्या एसटीत शाजिया झोपली तेव्हा खुर्शीदाबीचे डोळे वाहायला लागले. "घरी चाल म्हणून एकदा तरी म्हणाचं होतं त्याले. काऊन नाई म्हटलं?"

बाबूभाईंनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेरच बघत म्हणाले, "कोणत्या तोंडानं म्हणू? मी त्याले जळका खाऊ घातला, खुर्शीदा. त्यानं मले निवडून देल्ला."