गिरमिटचं शेवटचं बोअर

सोन्याच्या खाणीत नोकरी करायची तर अंगावर गुंजभरही सोनं चालत नाही. हसताय काय? आमच्या नमुन्यांच्या खोलीच्या दाराशी खिळे मारलेली फळी आहे. अंगठी, बाळी, साखळी, जे असेल ते काढून खिळ्याला अडकवायचं, हात घासून धुवायचे, मगच आत. कारण आत आम्ही दगड कापतो, दळतो आणि ते पीठ तपासायला जातं. त्यात अंगठीचा कण जरी पडला, तरी नसलेलं सोनं दिसायला लागतं आणि माणसं उगाच डोंगर पोखरायला निघतात. मी दगड कापते, माझी वहिनी दळते. माझं तोंड फाटकं, तिचं शिवलेलं, म्हणून आमचं इतकी वर्षं जमलं.

ही खाण शोधली माझ्या दादाने. कंपनीच्या पुस्तकात भलत्याच साहेबाचा फोटो आहे, जाऊ दे. तेव्हा इथे चार तंबू आणि काटेरी झुडपं होती. साहेब बोट दाखवायचे आणि दादा तिथे बोअर मारायचा, म्हणून त्याला सगळे गिरमिट म्हणायचे. बोअरमधून मनगटाएवढी जाड दगडाची कांडी निघते. एक हंगाम गेला, दुसरा गेला, हाती नुसता धोंडा. साहेब तंबू गुंडाळायला लागले तर दादा म्हणाला, "डिझेल उरलंय, एक मारून बघतो." त्या कांडीत पांढऱ्या रेघेच्या कडेला पिवळा ठिपका होता, मोहरीएवढा. मग काय विचारता! रस्ता आला, वीज आली. उभी विहीर खणली, तिला खाली भुयारं फुटली. वर शाळा, दवाखाना, सिनेमा आणि एकमेकांशी न बोलणारे दोन न्हावी. त्याच धांदलीत दादाचं लग्नही उरकलं.

दादाला ओल सोसायची नाही. खाली सगळीकडे पाणी झिरपतं, पंप अखंड चालू असतात. वर आला की हा आधी मोजे बदलणार, मग बायकोकडे बघणार. "मोज्यांशीच लग्न करायचं होतंस," वहिनी म्हणायची, पण पाळी सुटायच्या वेळी कोरडे मोजे घेऊन विहिरीच्या तोंडाशी उभी असायची. खाली जाताना तो अंगठी काढून तिच्या हातात द्यायचा, यंत्रात अडकते म्हणून.

मग दक्षिणेचं भुयार. पुढे सोनं आहे का बघायला दादाने तिथे आडवं बोअर मारलं, कांड्या पेटीत भरून वर पाठवल्या आणि पाठोपाठ छत खाली आलं. बाकीचे निघाले, तो नाही निघाला. कंपनीने थोडे दिवस खणलं, मग म्हणाली, आणखी माणसं घालवायची नाहीत. भुयाराला भिंत घातली. वहिनीच्या हातात अंगठी आणि मोजे राहिले. अंगठी तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मी ऊर बडवून रडले, सगळ्यांना शिव्या घातल्या. ती रडली नाही. त्याचा मला फार राग यायचा.

हळूहळू खाणही आटली, अर्धी घरं ओस पडली. आणि परवा-परवा सोन्याचा भाव चढला, नवी कंपनी आली. तिच्यासोबत एक तरुण भूगर्भवाली बाई आली. पोरगी गोड, आम्हाला काकू म्हणायची. जुन्या पेट्या उघडता उघडता तिला दादाच्या शेवटच्या कांड्या सापडल्या, तशाच, न कापलेल्या.

"यात सोनं निघालं तर भिंत फोडून त्याच भुयारातून पुढे जायचं," ती म्हणाली. "नाही निघालं तर दक्षिणेकडचे पंप बंद. पाणी भरू द्यायचं."

वहिनीने विचारलं, "भिंत फोडली तर... तो?"

"आधी त्यांनाच वर आणू, काकू. शब्द देते."

मी कांड्या उभ्या चिरल्या. अर्धी कांडी पेटीत राहते, अर्धी दळायला जाते. ती वहिनीकडे गेली.

निकाल आला तेव्हा बाई धावतच आली. सोन्याचा धूर निघेल म्हणे! त्या संध्याकाळी वहिनीने ट्रंकेतून दादाचे मोजे काढले, धुतले, वाळत घातले. दफनभूमीत जाऊन झाडाखालची जागा बघून आली. "तिथे पाणी साचत नाही," म्हणाली. आणि बोलतच राहिली. मी म्हटलं, बाई गं, झोपू दे, आणि पांघरुणात तोंड खुपसून रडले.

पण बाईच्या कपाळाची आठी जाईना. "जरा जास्तच चांगलं आहे," म्हणाली. तिने पेटीतला राहिलेला अर्धा भाग आणि उरलेलं पीठ बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी फळीवरून माझी बाळी काढायला गेले. शेजारच्या खिळ्याला दादाची अंगठी. एका बाजूने चपटी, तिच्यावर कानशीच्या ताज्या रेघा.

वहिनीला हाताला धरून शेडमागे नेलं. "हे काय करून बसलीस?"

"काहीच निघालं नसतं तर?"

"अगं, त्याने मारलेलं बोअर होतं ते! त्याच्यावर तुझा एवढाही विश्वास नव्हता?"

"त्याच्यावर होता गं. दगडावर नव्हता," ती म्हणाली. "दगडाने मला काय दिलंय आजवर?"

दुसरा निकाल सांगायला बाई आली ती बसलीच नाही. पिठात कानशीचे कुरळे कण होते, तांबं मिसळलेले. खाणीतलं सोनं तसं नसतं.

"आणि पेटीतला अर्धा भाग?" मी विचारलं.

"त्यात सोनं आहे. फार नाही, पण तेवढं पुरलं असतं."

"मग फोडा की भिंत!"

"एका नमुन्याला हात लागलेला दिसला की सगळं बोअर बाद होतं, काकू. पैसे लावणारे मागे फिरले. मी खूप भांडले."

"नवं बोअर मारा!"

"त्यासाठी आधी भिंत फोडावी लागेल. ती फोडायचे पैसे याच बोअरवर मिळणार होते." हात कुणाचा, ते तिने विचारलं नाही. फळीकडे बघून मान खाली घातली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

वहिनी इतकंच म्हणाली, "म्हणजे होतं."

"होतं, काकू."

"त्याने बरोबर जागी मारलं होतं."

पंप भर दुपारी बंद केले. आम्ही दोघी विहिरीच्या तोंडाशी उभ्या होतो. इतक्या वर्षांची ती घरघर थांबली आणि कानांना कसंतरीच झालं. मी अजून तिच्यावर चिडलेली आहे, खोटं कशाला बोलू? तिला गदागदा हलवायला मी वळलेसुद्धा. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत ते धुतलेले मोजे.

"आता तो भिजेल गं," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडली.

मी तिला जवळ घेतलं. मोज्यांची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये चेपली गेली.