माळ्यावर लपवलेलं बीपीचं यंत्र

"आजी, तू रिटायर झाल्यावरसुद्धा लोकांच्या घरी इंजेक्शनं द्यायला का जायचीस गं?"

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या घरातल्या भोंग्याने विचारला. भोंगा म्हणजे नववीतली नात. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट फाटकापर्यंत जातो, म्हणून आजीनेच ठेवलेलं नाव. मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "आमच्या आज्या रिटायर झाल्यावर आराम करतात. तुझी आजी आमच्या पणजीला सुई टोचायला यायची. का ते घरी विचारून दाखव, हिंमत असेल तर!" हिंमत तर तिच्याकडे हल्ली पोत्याने आहे. तिने भर जेवणात विचारलं.

बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. आई म्हणाली, "जेव मुकाट्याने." आजी हसली, "अगं, मला घरात बसून करमायचं नाही."

खरं उत्तर त्याच टेबलाच्या खणात, तुटक्या चार्जरच्या वायरींखाली पडलं होतं. ते म्हणजे मी, रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र. गोल तबकडी, एक काटा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा. बस, एवढाच माझा संसार.

मी कारखान्यात जन्मलो. तिथे माझा काटा शंभरदा वर चढवून खाली उतरवला, आणि तो बरोबर शून्यावर थांबतो याची खात्री झाल्यावरच मला डबीत घातलं. आजी नर्स होती. ती निवृत्त झाली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्याजणींनी मिळून मला तिच्या हातात ठेवलं. माझे काय लाड झाले म्हणून सांगू! सकाळी सकाळी अख्खी इमारत दंड पुढे करून बसायची. शेजारच्या काकू लाडीगोडी लावायच्या, "वहिनी, जरा कमी सांगा ना, घरी ओरडतात मला." आजी म्हणायची, "काटा माझ्या माहेरचा नाही, माझं ऐकायला." मला असा अभिमान वाटायचा! खोटा आकडा तिने आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

आजोबांचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. त्यांना पेन्शन कुठली? म्हणून त्यांनी थोडं थोडं बाजूला टाकून बँकेत एक ठेव केली होती. म्हातारपणी मुलापुढे हात पसरायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. त्यांना रक्तदाब होता. रोज सकाळी गोळी, मग मी, मग चहा. हा क्रम कधी चुकला नाही.

मग बाबांनी ठरवलं, आजोबांचा आरोग्य विमा काढायचा. हेतू चांगलाच होता हो. दवाखान्याची बिलं ऐकून कुणालाही धडकी भरते. विमावाले काका सोफ्यावर बसले, पेनचं टोपण उघडलं आणि हळूच म्हणाले, "बीपी वगैरे लिहिलं तर हप्ता बराच वाढेल. शिवाय त्या आजाराचे पैसे मिळायला काही वर्षं थांबावं लागेल. सगळेच 'नाही' लिहितात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावर ऐटीत बसलो होतो.

"आई, ते यंत्र जरा आत ठेव ना."

"आणि माझ्या गोळ्या खिशात घालू का?" आजोबांनी चेष्टा केली. आजीने मला उचललं, स्टुलावर चढली आणि माळ्यावर जुन्या स्वेटरांच्या पिशवीत खोल खुपसलं.

चार दिवसांनी खाली काढू, असं तिला वाटलं असेल. पण मित्रांनो, एकदा लपवलेली वस्तू बाहेर काढणं फार जड जातं. मला पाहिलं की तिला तो फॉर्म आठवणार. म्हणून तिने वर पाहणंच सोडलं. गोळी चालू राहिली, मोजणं थांबलं. खाली आजोबा "डोकं जड वाटतंय" म्हणायचे आणि मी वर लोकरीत तोंड खुपसून ऐकायचो. कंपनीपासून लपवता लपवता ती माणसं स्वतःपासूनच लपवायला लागली होती. त्या महिन्यांत मला एकदा, फक्त एकदा खाली काढलं असतं तर! माझ्या काट्याने ओरडून सांगितलं असतं. अजूनही तो विचार मला सोडत नाही.

एका सकाळी आजोबांच्या हातून कप निसटला. जीभ जड झाली, अर्धा चेहरा ओघळल्यासारखा झाला. आजी त्या घाईत स्टुलावर कशी चढली ते तिलाच ठाऊक. तिने मला ओढून काढलं, पट्टा बांधला, आणि काटा पाहून म्हणाली, "गाडी काढ. आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधीपासून बीपी आहे का?"

बाबांनी आजीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण मी तिच्या पिशवीच्या तोंडाशी होतो, मला ती नजर कळली.

"आहे," आजी म्हणाली. "दहा-बारा वर्षं झाली. ही गोळी. मधले काही महिने मोजलेलं नाही."

योग्य ते उपचार लगेच सुरू झाले. आजोबा वाचले. मात्र विमा कंपनीने हात वर केले. आजार लपवलात, पैसे मिळणार नाहीत!

"आई, तू तिथे गप्प बसली असतीस तर..." बाबा जिन्यात म्हणाले.

"गप्प बसून काय, त्यांना चुकीचं औषध देऊ दिलं असतं?" आजीचा आवाज फाटला. "एकदा गप्प बसले ना मी. तेवढं पुरे झालं."

त्यानंतर दोघं त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. ठेव मोडली. दुकान गेलं. आणि ज्या वयात बाकीच्या बाया बागेतल्या बाकावर बसतात, त्या वयात आजी मला पिशवीत घालून इंजेक्शनं द्यायला, ड्रेसिंग करायला जिने चढू लागली. आजोबा खिडकीत वाट बघायचे. उजवा हात मांडीवर निपचित. ती आली की अडखळत म्हणायचे, "काय बाई, तुझी तर निवृत्तीनंतर बढती झाली." ती हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन गुडघे दाबत बसायची.

आजोबा गेले. आजीचे गुडघेही गेले. बाबांना मी डोळ्यांसमोर नको झालो, म्हणून या खणात आलो.

पण भोंग्याला "करमायचं नाही" हे उत्तर पटतं होय! दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने आजीच्या पायाशी बैठक मारली. या वेळी आजीने सगळं सांगितलं. मग खण उघडला. माझा पट्टा विटला होता, फुग्याला बारीक चिरा पडल्या होत्या. काटा मात्र शून्यावर होता. संध्याकाळभर आजीने तिला शिकवलं. पट्टा कुठे बांधायचा, हवा किती सावकाश सोडायची, तिच्या स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घालून ठोका कसा ऐकायचा. मित्रांनो, मला वापरा नाहीतर भंगारात द्या, पण आकडा आवडत नाही म्हणून लपवू नका. मी मोजलं नाही म्हणून आजार काही निघून जात नाही.

रात्रीची ताटं मांडायला आई आली आणि मला टेबलावर बघून दचकली. "अगं, हे कशाला काढलंस? रविवारी विमावाले काका येणारेत आमच्या दोघांच्या पॉलिसीचं बोलायला. तोवर आत ठेव बाई."

बाबांनी ऑफिसची बॅग पायाने खुर्चीखाली सरकवली. त्या बॅगेत गेल्या वर्षापासून एक गोळ्यांची पट्टी असते. ती सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

भोंगा उठून उभी राहिली. नेहमीचा फाटकापर्यंत जाणारा आवाज तिने आज लावलाच नाही.

"आई, बाबा, माझं ठरलंय. हे यंत्र रविवारी इथेच राहणार, काकांच्या नाकासमोर. फॉर्म मी भरणार, आणि बाबांचं बीपी त्यात सगळ्यात आधी लिहिणार. हप्ता वाढला तर मला नवा मोबाइल नको. थांबावं लागलं तर थांबू, पण तुम्हाला म्हातारपणी जिने चढायला लावणार नाही." तिने माझा पट्टा उलगडला. "हात द्या, बाबा. सैल सोडा. आता कुणी बोलू नका. मला ऐकायचंय."