हर्बर्टचा खरारा

आयोवातल्या त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची काळजी कशी घ्यावी याचीही पदवी मिळे, आणि लोरेटा क्विम्बी त्या पदवीच्या एकाच परीक्षेत दोनदा आपटली होती. परीक्षा म्हणजे नाटकच: सुट्टीतल्या रिकाम्या वसतिगृहात सीनियर मुलं खोल्यांत दडून कुणी दारुडा बने, कुणी भांडखोर. आपण दार वाजवून आत जायचं आणि निस्तरायचं. लोरेटा आत जाई आणि पुस्तकातलं वाक्य फेकी, "तुला काय वाटतंय ते मला ऐकू येतंय."

"ऐकू पोपटालाही येतं," परीक्षक ऑस्टरगार्डबाई म्हणत.

आता पुन्हा नापास, तर शिष्यवृत्ती बंद आणि बापाच्या डुक्करखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणं.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी घाबरलेली लोरेटा एक मजला आधीच वळली. तिथे फुटबॉलच्या सरावासाठी लवकर आलेला बून नावाचा आडदांड पोरगा हुंदके देत होता.

"काय झालं?"

"हर्बर्ट गेला, मॅडम. माझा गोऱ्हा. जत्रेत लिलाव झाला. बाटलीनं दूध पाजून वाढवला होता मी."

"अश्रू झकास! पण गोऱ्हा जरा अति होतंय. सरळ दारुडा का नाही झालास?"

"आई मारेल."

बूननं उशीखालून गोऱ्ह्याचं अंग घासायचा खरारा काढून गालाला लावला. दात्यांत तांबूस केस अडकलेले. गोठ्याचा वास आला आणि लोरेटा चपापली. नाटकाच्या सामानाला असला वास नसतो.

"सरक तिकडे," ती म्हणाली आणि पलंगावर बसली. "माझी डुकरीण होती, ग्लॅडिस. लिलावात मीच बोली लावायला हात वर केला, तर बापानं खाली ओढला."

थोड्या वेळानं ऑस्टरगार्डबाई शोधत आल्या, तेव्हा दोघंही रडत होती.

"वर तुझा दारुडा वाट बघून झोपला! इथे काय चाललंय?"

"मजला चुकला, बाई."

"आधी यांनी माझ्या रडण्याला मार्क दिले," बून म्हणाला, "मग स्वतःच रडल्या. आता भूक लागलीय. हर्बर्ट गेल्यापासून आज पहिल्यांदाच."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मजला चुकीचा, परीक्षक गैरहजर, उमेदवार नाक ओढतेय. नियमात काहीच बसत नाही." मग खरारा निरखत म्हणाल्या, "पास. याला जेवायला घेऊन जा."

लोरेटाला भरून आलं. "बाई, तुम्हाला काय वाटतंय ते मला ऐकू..."

"पुढे एक शब्द बोललीस तर निकाल फिरवीन!"