विजयमालाचा हंबरडा

टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या फिरत होत्या आणि त्या मुंग्यांमागे एक म्हातारी चादरीची घडी घालत होती. मुलगा गेल्याचा निरोप दारातल्या माणसानं नुकताच दिला होता. म्हातारी नुसतं "बरं" म्हणाली. राहिलेली घडी तिनं घातली, वरून हात फिरवला आणि मग ती चादर ठेवायची कुठं, हेच तिला सुचेना.

"ह्यात काय ॲक्टिंग हाय?" उत्तमराव म्हणाले. "रडली सुदिक न्हाई. आपली विजयमाला असती तर कौलं हालली असती."

खोलीतली माणसं हसली. उंबऱ्याला टेकून बसलेली विजयमाला मात्र हसली नाही. ती पदरानं डोळे टिपत होती.

पारनेरात उत्तमरावांचं कापडाचं दुकान होतं. सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभा राहिला, तसा त्यांनी हौसेनं टीव्ही आणला आणि गच्चीवर उंच बांबू रोवून अँटेना चढवली. विजयमाला त्यांच्या गिऱ्हाइकांची पोलकी शिवायची. पण पंचक्रोशीत तिची ओळख वेगळी होती. चैत्र लागला की गावोगावची हौशी मंडळी जत्रेसाठी नाटक बसवत आणि आईच्या कामाला तिला बोलावत. तिचा हंबरडा नावाजलेला होता. नाटकातल्या पोराच्या मढ्यावर ती पडली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागत. नवरा ऐन तारुण्यात गेलेला, मूलबाळ नाही. या हंबरड्याच्या जोरावरच तिनं चार माणसांत आपली जागा केली होती. आणि आज एका म्हातारीनं चादरीची घडी घालून तिला रडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलकी द्यायला गेल्यावर तिनं उत्तमरावांच्या बायकोला, भागिरथीला विचारलं, "वैनी, टीव्हीवर नाटक असंल तवा येत जाऊ का? कोपऱ्यात बसंन."

"या की. पर उंबऱ्यात नका बसू, आत या."

नाटकवालीला घरात घेतलं म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली. भागिरथीनं ती मुरडू दिली.

मग विजयमाला नाटकाच्या प्रत्येक दिवशी तिथं हजर असे. पडद्यावर बोलणाऱ्याकडं तिची नजर नसे, ऐकणाऱ्याकडं असे. समोरच्याचं वाक्य पहिल्यांदाच कानावर पडतंय असं ती माणसं ऐकत. रागावलेला बाप आवाज चढवायच्या ऐवजी उतरवत होता. बायका बोलता बोलता शेंगा सोलत, आणि हात थांबला की काळजात काहीतरी झालंय हे न सांगता कळे. प्रेक्षकांकडं कुणी बघतच नव्हतं.

घरी हातशिलाई करताना ती आईची जुनी वाक्यं म्हणून बघू लागली. सुरुवातीला ती हेल काढूनच बाहेर पडत. जीभ चावून ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. एके दिवशी भागिरथीच्या ओसरीवर बसून काजं करताना सहज तोंडातून गेलं, "पोरा, जेवून जा."

आपल्याच पोराला म्हणतेय असं समजून आतून भागिरथी म्हणाली, "जेवलाय त्यो मगाशीच."

विजयमालाच्या हातातली सुई तशीच राहिली. कितीही वन्समोअर मिळाले असते तरी तिला एवढा आनंद झाला नसता.

त्या चैत्रात डोंगराकडच्या एका गावात नाटक होतं. शाळेचे सहादेव मास्तर ते बसवत होते. तालमीत तिचं काम बघून ते अस्वस्थ झाले.

"बाई, हितं काय बी करा. जत्रंत हंबरडा पायजे. लोकं त्येच्यासाठी गाड्या जुपून येत्यात."

"मास्तर, आता माईक हाय. वरडायचं कशाला?"

"नाटक पडलं तर पुढल्या साली नगरची बाई आनंन, आधीच सांगतो."

नगरची बाई खरंच आली असती, आणि मग बाकीच्या गावांनीही तिलाच बोलावलं असतं.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला पडदा उघडला. थोरला भाऊ गेल्याची बातमी धाकट्यानं आणायची होती. ते काम गावातला रंभाजी करत होता. बातमी सांगून हात वर करून तो उभा राहिला, हंबरड्याची वाट बघत. त्याचं पुढचं वाक्य त्यानंतर होतं.

"हातपाय धू," विजयमाला म्हणाली. "भाकर वाढते."

तिनं ताटल्या मांडल्या. एक, दोन, तीन. तिसरीकडं बघत राहिली. मग ती उचलून पदरानं पुसू लागली. ताटली स्वच्छच होती.

"आवाज, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्टी वाजली. विंगेतून मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "वरडा, वरडा." हंबरडा तिच्या गळ्याशी आलाच होता, वर्षानुवर्षांची सवय ती. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. तिनं तो गिळला आणि ताटली पुसत राहिली.

रंभाजी वाक्य विसरला. त्याचा वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"आये," तो म्हणाला, नाटकात नव्हतं ते, "ठिव ती ताटली."

"ठिवते," ती म्हणाली, आणि ठेवली नाही.

पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. पदर ताटलीवर फिरल्याचा आवाज माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

पडदा पडल्यावर सहादेव मास्तर विंगेत खाली मान घालून उभे होते.

"टाळी न्हाई पडली, बाई."

"व्हय, मास्तर."

मग ते म्हणाले, "माझ्या बी हातनं वाजली न्हाई," आणि उपरण्यानं डोळे पुसत निघून गेले.

सकाळी ती फाट्यावर लिंबाखाली एस.टी.ची वाट बघत बसली होती. गावातली एक म्हातारी रानातून आली आणि तिच्याशेजारी टेकली. बायडाबाई म्हणून नाव सांगितलं.

"तुमचं कवा गेलं?" तिनं विचारलं.

"काय, मावशी?"

"पोरगं."

"मला मूलबाळच न्हाई."

बायडाबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. मग लुगड्याच्या काठाला चिकटलेली कुसळं काढता काढता म्हणाली, "माजा फौजंत हुता. लढाईत गेला. तार आली तवा मी जवारी पाखडीत हुते. समदी पाखडून घेतली, मंग उठले. लोकं म्हनली, ही रडंना, दगडाची हाय." एक कुसळ निघेना, ते तिनं नखानं ओढलं. "काल गावानं बघितलं, कसं असतं ते."

ती पुढं बोलत राहिली. मुलाची चाल, त्याचं जेवण, रजेवर आल्यावरचं झोपणं. आवाज कुठंच हलला नाही, फक्त बोटं मधेच थांबत आणि पुन्हा कुसळ शोधत. विजयमालाची नजर सवयीनं त्या बोटांवर गेली. कोणत्या शब्दाला थांबतात, किती वेळ थांबतात, हे ती टिपू लागली.

मग आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळलं. तिनं नजर काढून घेतली, समोरच्या रस्त्याकडं लावली आणि नुसती ऐकत बसली.