भिवाबुवांची बारी, एमपीफोरमध्ये

माझे सासरे भिवाबुवा आयुष्यात एकदाच जिंकले, आणि त्याची शिक्षा मी लग्न झाल्यापासून आठ वर्षं भोगतेय. एकोणीसशे नव्व्याण्णव, काळाचौकीचं मैदान, डबलबारी. म्हणजे दोन भजनी बुवा आपापली पेटी, पखवाज नि झांजवाले घेऊन समोरासमोर बसणार, एक गात गात प्रश्न टाकणार, दुसरा गात गात उत्तर देणार. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं की भरत पादुका घेऊन गेल्यावर वनवासात रामाने दुसऱ्या पादुका कोणाकडून घेतल्या? समोरच्या चाळीतले सीतारामबुवा पेटी बंद करून उठले. ढाल आमच्या घरी आली आणि आबांचं तोंड जे सुटलं ते आजतागायत बंद झालेलं नाही.

सीतारामबुवांना ते हे रोज ऐकवतात. दोघं सकाळी एकाच बाकड्यावर बसतात, आबा पादुकांचा विषय काढतात, सीतारामबुवा मान हलवत चहा पितात. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच वर्षी तो चहा आबांच्या डोक्यावर ओतला असता.

आता सीतारामबुवांची चाळ पाडायला काढलीय. येत्या बुधवारी ते मुलाकडे विरारला निघणार होते. तर आबांच्या मनात आलं की जाण्याआधी रविवारी सगळ्यांना जमवून त्या बारीची सीडी दाखवायची. जाणाऱ्या माणसाला लोक फुलं देतात, आमचे आबा त्याला त्याचा पराभव दाखवणार. सीडी प्लेअर कधीच भंगारात गेला होता. टीव्हीचा रिमोट आबांच्या हातून सुटावा म्हणून सुशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना सेलमधला स्वस्तातला टॅब घेऊन दिला होता. त्याच्यावरच दाखवायचं ठरलं, आणि काम अर्थातच सुनेच्या गळ्यात पडलं.

ऑफिसातून सीडी ड्राइव्ह मागून आणला. फाइल लॅपटॉपवर उतरली, टॅबने मात्र तिला ओळखच दाखवली नाही. फुकटचं कन्व्हर्टर उतरवून मी ती एमपीफोर केली. पहिल्या खेपेला टॅब बिचारा धापा टाकायला लागला, आवाज पुढे नि बुवा मागे. साइझ कमी केली तर सगळे आडवे पसरले, आबांचे तर दोन आबा झाले. तिसऱ्या खेपेला चित्र जमलं. पण हेडफोन लावल्यावर लक्षात आलं की डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळा आवाज येतोय. टॅबला स्पीकर एकच, म्हणून मी दोन्ही आवाज एकत्र केले.

आणि तिथेच फसले. सीतारामबुवांच्या मंडळीजवळ कॅमेरावाल्याने वेगळा माईक ठेवला असणार. त्याचा आवाज उजव्या बाजूला होता, आणि आमच्या जुन्या टीव्हीला आवाजाचं भोक एकच असल्यामुळे ती वायर कोणी कधी लावलीच नव्हती. आता पादुकांच्या प्रश्नानंतर सीतारामबुवा आपल्या पखवाजवाल्याच्या कानाशी वाकले आणि स्पष्ट ऐकू आलं:

"उत्तर माका येता. पण आज देऊचा नाय. गप उठा."

मी पाच वेळा ऐकलं. पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आठ वर्षांचा हिशेब रविवारी सगळ्या चाळीदेखत चुकता होणार होता.

शनिवारी आबा देवळात गेलेले बघून सीतारामबुवा दारात आले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग टॅबकडे बघत हळूच विचारलं, त्यात माझा आवाज कितपत आलाय? मी म्हटलं, सगळा आलाय. ते बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले आणि म्हणाले, तेवढा जरा कमी होईल का गो? एवढंच. मला माझीच लाज वाटली. ते गेल्यावर मी उजवी बाजू पूर्ण काढून टाकली आणि फाइल पुन्हा बनवली.

रविवारी खोलीत पंधरा माणसं नि दहा इंचांचा टॅब. मी तो पोळपाटाला टेकवून फ्रीजवर ठेवला. आबा नवा सदरा घालून बसले होते. पादुकांचा प्रश्न आला, स्क्रीनवरचे सीतारामबुवा वाकले, काहीच ऐकू आलं नाही, ते उठले. मैदानात टाळ्या, खोलीतही टाळ्या. सगळे आबांकडे बघायला लागले, कारण आता त्यांचं भाषण असतं.

आबांनी भाषण केलं नाही. आवाज बंद कर म्हणून मला खूण केली आणि शेजारी बसलेल्या सीतारामबुवांना म्हणाले, "त्या प्रश्नाचा उत्तर माका पण येत नव्हता."

डबलबारीत हरणाऱ्याला हक्क असतो, मला येत नाही तर तू सांग म्हणायचा. सीतारामबुवा तेवढं एक वाक्य बोलले असते तर आबांची भर मैदानात शोभा झाली असती. सव्वीस वर्षं त्या वाक्याच्या धाकात काढली, असं आबा सगळ्यांसमोर म्हणाले.

"ता माका तेव्हाच कळला," सीतारामबुवा म्हणाले. "उत्तर येत असला काय तू समोर बघतंस. तेव्हा डोळे मिटून गायलंस."

"मगे उठलंस कित्याक?"

सीतारामबुवा म्हणाले, "मिल बंद झाल्यावर सहा म्हयने तू कोणाशी बोलूक नव्हतंस. घरातसुद्धा नाय. त्या रात्री जिंकलंस आणि बोलूक लागलंस."

मग रोज एवढं ऐकून का घेतलंस, हे आबांनी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी फ्रीजजवळ उभी होते, आणि आठ वर्षांत प्रथमच मला आबांची बडबड कधी थांबू नये असं वाटलं.

"मगे उत्तर काय ता तरी सांग," आबा म्हणाले.

"इसारलंय."

आबांनी नाक पुसलं, सदरा सारखा केला आणि खोलीभर नजर फिरवली. "म्हणजे जिंकलंय मीच."

"होय रे," सीतारामबुवा म्हणाले, "तूच."